माहेरची वाट : गर्भवतीच्या विसाव्याचा इतिहास

भिवंडीजवळचे अंजूर हे गाव इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे ते गंगाजी नाईक अणजूरकर यांच्या नावामुळे. १७३७ च्या मार्च महिन्यात मराठी फौज खाडी ओलांडून साष्टीत उतरली, ठाण्याचा कोट हाती आला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. या मोठ्या उद्योगामागे अंजूरच्या नाईक बंधूंची केवढी खटपट होती, हे साष्टीच्या बखरीवरून आपणांस समजते. होड्या कोठे लावायच्या, भरती केव्हा, सुकती केव्हा, पलीकडचा कोण माणूस विश्वासाचा, ही माहिती खाडीकाठच्या माणसांनाच असते. ती नाइकांजवळ होती.

परंतु ही खाडी फौजांनी एकदाच ओलांडली. लेकीबाळींनी मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या ओलांडली आहे. सोयरीक खाडीच्या दोन्ही काठांवर होत असे. मुलगी सासरी जायची ती होडीने, आणि पहिल्या खेपेला दिवस राहिले की सातव्या महिन्यात भाऊ मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला यायचा तोही होडीनेच. बखरकाराला या होडीची नोंद करण्याचे कारण नव्हते, कारण त्याचा विषय मोहिमा आणि इनामे. तथापि ज्या समाजाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, त्यातील निम्म्या माणसांच्या आयुष्यातला महत्त्वाचा प्रवास कोणता, असे विचारले तर या दुसऱ्या होडीकडेच बोट दाखवावे लागेल. आजच्या विवेचनाचा विषय ती होडी हाच आहे. गर्भवती स्त्रीने कोठे जावे, कोणाकडे राहावे, तिला विसावा कोणी द्यावा, आणि तो देणे ही मेहेरबानी की तिचा हक्क, या प्रश्नाला आपल्याकडे फार जुना इतिहास आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि म्हणून स्त्री दोन हृदयांची, दौहृदिनी होते. डोहाळे या आपल्या शब्दाचे मूळ दोहद या संस्कृत शब्दात आहे आणि त्याचा संबंध वैद्यक या दोन हृदयांशीच जोडते. तिची इच्छा ही एकटीची इच्छा नव्हे, ती पुरवली नाही तर गर्भाला अपाय होतो, असे वैद्यकाने सांगितले आणि याज्ञवल्क्यस्मृतीनेही तेच बजावले. आधुनिक शास्त्र ही उपपत्ती मानणार नाही. पण तिचा व्यवहारातला परिणाम काय झाला तो पाहा. ज्या घरात सुनेने एरवी आपल्या आवडीचा पदार्थ मागणे हा उर्मटपणा ठरला असता, त्याच घरात काही महिने तरी तिला ‘काय खावेसे वाटते’ असे विचारणे भाग पडू लागले. तिच्या तोंडून बाळ बोलते असे मानले, म्हणून तिचे बोलणे ऐकले गेले.

प्रवासाविषयी मात्र हेच वैद्यक सावध आहे. अतिश्रम, उपास, जागरण, शोक, भय यांच्याबरोबरच वाहनावर चढणेही सुश्रुताने गर्भिणीला वर्ज्य सांगितले आहे. खडबडीत वाटेवरच्या गाडीचे हिसके ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यामागचे कारण वेगळे समजावून सांगायला नको. चरकसंहिता म्हणते की नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून तयार ठेवावे; आणि आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते म्हणून त्या महिन्यातले बाळंतपण धोक्याचे मानावे. आपल्या रूढीने या दोन्ही गोष्टींची सांगड सुंदर घातली. पहिल्या महिन्यांतल्या ओकाऱ्या आणि अशक्तपणा सरू द्यावा, आठव्याची धास्ती लागण्यापूर्वी सातव्यात डोहाळजेवण करून मुलीला पोचती करावी, आणि मग तिने कोठे हलू नये. आजचे डॉक्टरही गर्भारपणाचा मधला काळच प्रवासाला त्यातल्या त्यात बरा म्हणतात, आणि विमान कंपन्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर गर्भवतीला घेत नाहीत. आजीबाईंच्या हिशेबाशी हे फार विसंगत नाही.

धर्मशास्त्राने नवऱ्यालाही मोकळे सोडलेले नाही. काशिनाथशास्त्री उपाध्याय यांनी पंढरपुरात १७९० च्या सुमारास धर्मसिंधु रचला. त्यात गर्भिणीच्या पतीचे नियम आहेत. त्याने तीर्थयात्रेला जाऊ नये हा त्यांपैकी एक. यातले सूतक-पातकाचे भाग बाजूला ठेवले तरी मथितार्थ उरतोच : बायको अशा स्थितीत असताना पुण्य मिळवायलासुद्धा घर सोडून जाऊ नये. पुरुषाची जबाबदारी इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे वचन सहज सापडणार नाही. ते पाळले किती गेले हा प्रश्न वेगळा.

आता प्रत्यक्ष इतिहासाकडे आणि परंपरेकडे वळू. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची चाल किती जुनी? बौद्ध परंपरा सांगते की मायादेवी दिवस भरत आल्यावर कपिलवस्तूहून आपल्या माहेरी, देवदह नगरीला निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या उद्यानात ती थांबली आणि तेथेच सिद्धार्थाचा जन्म झाला. पुढे सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी त्या ठिकाणी आला, त्याने शिलास्तंभ उभारला आणि येथे भगवान जन्मले म्हणून त्या गावाचा कर कमी केला. तो स्तंभलेख १८९६ मध्ये उजेडात आला. एका लेकीची माहेरची वाट अर्ध्यावर राहिली आणि त्या जागी एका गावाला कायमची सवलत मिळाली, असे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण अगदी उलट आहे, आणि ते आपल्या बायकांना मायादेवीपेक्षा अधिक जवळचे वाटत आले आहे. उत्तरकांडात राम गर्भवती सीतेला तिची इच्छा विचारतो. गंगातीरीची तपोवने पाहावीत, ऋषींच्या आश्रमात एक रात्र राहावे, एवढेच ती मागते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मण रथ आणतो. सीतेला वाटते, आपला डोहाळा पुरवला जात आहे. आणि नदी ओलांडल्यावर तिला कळते की आपल्याला टाकण्यात आले आहे. कालिदासाने रघुवंशात आणि भवभूतीने उत्तररामचरितात हा प्रसंग रंगवला. पण जात्यावर बसलेल्या मराठी बायकांनी सीतेच्या वनवासाच्या असंख्य ओव्या गायल्या त्या काव्यशास्त्र शिकून नव्हे. गर्भवतीची सहल ही दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असते, आणि देणारा ज्या रथातून नेतो त्याच रथातून सोडूनही देऊ शकतो, हा अनुभव त्यांना परका नव्हता. आमच्या मते या सबंध विषयाचे मर्म येथे आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन गर्भवती स्त्रियांची हकीकत हेच दाखवते. १६२९ च्या जुलैमध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांचे पुत्र मारले गेले. त्या वेळी त्यांची कन्या जिजाबाई गर्भवती होती. म्हणजे ज्या काळात मुलीने माहेरची वाट पाहायची, त्याच काळात तिचे माहेर कापले गेले. शहाजीराजे धामधुमीत होते. तेव्हा तिला शिवनेरीवर ठेवण्यात आले. तेथील किल्लेदार विश्वासराव हे भोसल्यांचे सोयरे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शिवनेरीचे कडे, दरवाजे, टाकी आपण सहलीला गेलो म्हणजे पाहतो. पण एका पोरक्या झालेल्या लेकीला सोयऱ्यांनी दिलेले माहेर, या नात्याने त्या गडाकडे आपण क्वचितच पाहतो.

दुसरी स्त्री नारायणराव पेशव्यांची पत्नी गंगाबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा ती गरोदर होती. १७७४ च्या आरंभी बारभाईंनी तिला पुरंदरावर नेले. सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. येथे सर्व व्यवस्था होती. पहारा होता, वैद्य होते, वडीलधारी बाई सोबत होती. परंतु ती सर्व चिंता गादीच्या वारसाची होती. मुलगी झाली असती तर त्या विधवेची पुरंदरावर किती दिवस बडदास्त राहिली असती, याचा विचार करावा. गर्भवतीचा मान आणि गर्भाचा मान हे वेगळे आहेत, हे पुरंदरच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

आता पुन्हा खाडीकाठी येऊ. १५३४ च्या तहाने वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे दोनशे वर्षे खाडीपलीकडे साष्टीत त्यांचा अंमल राहिला. पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करावे असा कायदा पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये केला; आणि बाप वारला की आई जिवंत असूनही मूल पोरके धरण्याचा प्रघात पुढे पडला. ज्या मुलखात असा कायदा आहे तेथे बाळंत व्हावे की अलीकडे यावे, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. साष्टीच्या मोहिमेला सामान्य लोकांची जी साथ मिळाली, तिच्यामागे देवळांचे दुःख होते तसे या भीतीचेही होते.

दुसरीकडे, धर्म बदलला तरी घराची रीत बदलली नाही, हेही तितकेच खरे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये जाहीरनामा काढून नवख्रिस्ती घरांतील अनेक जुन्या चालींना बंदी केली. त्यांत लग्नातल्या ओव्या होत्या आणि बाळाच्या सहाव्या रात्रीचे जागरणही होते. तरी गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून लेक पहिल्या बाळंतपणाला आईकडे जाण्याची रीत सुटली नाही. नाही तरी बायबलात गर्भवती मरिया डोंगराळ प्रदेशातल्या आपल्या नातलग एलिझाबेथकडे जाते आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहते; दोघीही गर्भवती. अवघडलेल्या बाईला जवळच्या बाईची सोबत लागते, हे कळायला कोणत्याही धर्माची दीक्षा घ्यावी लागत नाही.

आपल्या डोहाळजेवणात ही सोबत आणि ही सहल दोन्ही आहेत. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची ती चोरओटी. मग सातव्यातले मोठे डोहाळजेवण : हिरवे लुगडे, फुलांची वाडी, झाकलेल्या दोन वाट्यांतली बर्फी की पेढा याची गंमत. त्यातही प्रकार किती! झोपाळ्यावरचे, बागेतले, चांदण्यातले, नावेतले. आज नावेचे चित्र पुठ्ठ्यावर रंगवून काम भागवतात. पण या नावांकडे नीट पाहिले तर ध्यानात येईल की हे सगळे घराबाहेर पडण्याचे प्रकार आहेत. जिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला निमित्त लागे, तिला बागेत, चांदण्यात, पाण्यावर नेऊन बसवायचे. भोवती सवाष्णींनी गाणी म्हणायची. आणि त्यानंतर माहेरी पाठवणी करायची. जुन्या काळच्या स्त्रीला सुट्टी म्हणून जी काही मिळाली ती हीच. तिच्या नवऱ्याला सणवार होते, यात्रा होत्या, कचेरीला सुट्या होत्या. तिचे सण चुलीपुढे जात. पहिले बाळंतपण ही तिची पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, लांब रजा.

परंतु ही रजा कोणाला मिळे? जिला माहेर आहे तिला. ज्या माहेरात आई जिवंत आहे, बापाला डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी, सुईण आणि बारशाची कुंची-टोपडी परवडते, त्या मुलीला. जिच्या सासरचे पाठवतील तिला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बहुधा कोणालाच नाही. आणि भातशेतीच्या या मुलखात आषाढात लावणी सुरू झाली म्हणजे दिवस गेलेली कुणबीण असो की आगरीण, गुडघाभर चिखलात वाकून आवण लावीतच असे. मिठागरावर आणि खाडीवर राबणाऱ्या बाईला सातवा महिना आणि आठवा महिना सारखाच. रूढी थोर होती. पण ती ओटी भरू शकणाऱ्यांची रूढी होती.

शिवाय माहेर माया देऊ शकते, विद्या देऊ शकत नाही. अंजुरापासून फार दूर नसलेल्या कल्याणात आनंदीबाई जोशी यांचे बालपण गेले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. उपचार करणारी शिकलेली बाई नाही, हे दुःख त्यांनी मनात धरले आणि त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या. म्हणजे सुश्रुत-चरकांचे जे वैद्यक आपण वर पाहिले, त्याचीच मांडणी त्यांनी परक्या देशात केली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. विद्या घरी आली आणि वापरायला आयुष्य उरले नाही. १८८६ मध्येच मुंबईस स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली, परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. अंधाऱ्या बाळंतखोलीचे दार असे हळूहळू उघडत गेले.

मग गिरण्या आल्या. १८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, वर्षभरात ती कल्याणला पोचली, आणि या भागातून आणि घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागली. त्यांत बायकाही होत्या. बाळंतपणाला गावी जावे तर रोज बुडतो, आणि परत येईपर्यंत जागा दुसरीला गेलेली असते. न जावे तर साच्यापुढे उभे राहून जीव जातो. येथे माहेरच्या मायेचे काहीच चालत नव्हते, कारण ज्याच्या परवानगीवाचून जाता येत नाही असा नवा सासरा आला होता, तो म्हणजे भोंगा.

या अडचणीवर उपाय प्रथम कायद्याने शोधला. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली आणि प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर सहा-सहा आठवड्यांची विश्रांती हे तत्त्व तेथे ठरावाने मान्य झाले. त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. परत आल्यावर त्यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते संमत झाले नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात असेच विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. आईला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा तो पहिला. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये सर्व देशासाठी कायदा आला आणि बारा आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली.

या घटनेचे महत्त्व आकड्यांत नाही. सीतेने जे मागितले, मुऱ्हाळ्याने जे आणले, विश्वासरावांनी सोयऱ्याचे कर्तव्य म्हणून जे दिले, ते प्रथमच कोणाच्या मर्जीवाचून मिळू लागले, यात आहे. डोहाळे पुरवतात, रजा मात्र मागता येते, आणि नाकारली तर दाद लावता येते. हा फरक लहान नव्हे.

तथापि येथेही जुनीच अडचण नव्या वेषात उभी आहे. अंजूर, माणकोली, दापोडे या पट्ट्यात भाताच्या खाचरांच्या जागी आता मोठमोठी गोदामे आहेत. भिवंडीत यंत्रमागांच्या शेडी आहेत. कंत्राटदारामार्फत रोजावर येणाऱ्या बाईचे नाव कोणत्या वहीत आहे, येथून तंट्याला सुरुवात होते. घरी बसून काम करणारीला कायद्याच्या लेखी मालकच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला सहा हजार रुपयांहून कमी नाही इतके साहाय्य सांगितले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार ठरले. पूर्वी जिला माहेर नाही तिची रजा बुडे. आता जिचे नाव हजेरीपटावर नाही तिची बुडते.

एक गोष्ट मात्र आशा वाढवणारी आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत, जेथे पावसाळ्यात वाटा बंद पडतात, तेथे आरोग्यकेंद्राच्या आवारात एक खोली किंवा झोपडी बांधण्यात आली आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन सोबतीच्या माणसासह तेथे राहावे, जेवावे आणि वेळ आली की शेजारीच दवाखाना असावा, अशी ही योजना. सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वी तयार ठेवावे, ही चरकाची सूचनाच येथे सरकारी खर्चाने पाळली गेली आहे. आणि तिला नाव कोणते दिले? ‘माहेरघर’. हे नाव ज्याने सुचवले त्याला या समाजाचे मन कळले होते. कारण कायदा पैसा देतो, दिवस मोजून देतो, पण अवघडलेल्या बाईला पैशाइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते : आपण येणार म्हणून कोणी तरी वाट पाहत आहे, या खात्रीची.

म्हणून रूढी आणि कायदा यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात अर्थ नाही. रूढीजवळ माया होती, पण ती सर्वांना पुरली नाही. कायद्याजवळ सर्वांसाठी शब्द आहे, पण त्याला अजून सर्वांचे दार सापडलेले नाही. गंगाजी नाइकांचे नाव घेताना आपण म्हणतो की त्यांनी परक्याचा अंमल उठवण्यासाठी खाडीच्या वाटा दाखवल्या. वाटा दाखवण्याचे ते काम संपलेले नाही. आपल्या गावात, आपल्या गोदामात, आपल्या घरी धुणे-भांडी करणाऱ्या बाईला सातवा महिना लागला आहे काय, तिला जायला जागा आहे काय, आणि ती परत येईल तेव्हा तिची जागा शिल्लक असेल काय, हे विचारण्यासाठी कायदेमंडळ भरावे लागत नाही. वसईचा विजय आपण जसा सर्वांचा मानतो, तसे हे माहेरही सर्वांचे झाले पाहिजे.